कर्करोगाच्या गांठींतील जंतु

रोग्याच्या शरीरांत एखादा जंतु सांपडला, म्हणजे रोगाचें कारणच हातीं आलें असें समजण्याचा मोह मोठमोठ्या संशोधकांनाहि आवरलेला नाहीं. चोरीच्या जागीं आढळलेला प्रत्येक इसम चोर नसतो; कोणी शेजारी असतो, कोणी वाटसरू, तर कोणी गलका ऐकून मागाहून आलेला. कर्करोगाच्या गांठींत आढळणाऱ्या जंतूंविषयीं हाच विवेक ठेवावा लागतो, आणि ज्या संस्थेची हकीकत येथें सांगावयाची आहे तिला हा धडा स्वतःच्या घरींच मिळालेला आहे.

मुंबईंत परळ येथें १९५२ सालीं इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झालें. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक. पुण्यांत जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं अमेरिकेंत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढविण्याची विद्या शिकून येथें तिची प्रयोगशाळा उभी केली. या संस्थेंत कुष्ठरोग्याच्या शरीरांतून घेतलेला एक जंतु कृत्रिम माध्यमांत वाढला, आणि १९५८ सालीं बापट, रणदिवे व खानोलकर यांनीं ती वार्ता प्रसिद्ध केली. कुष्ठरोगाचा जंतु हॅन्सेन यांनीं १८७३ सालींच पाहिला होता. पण त्याला शरीराबाहेर वाढविणें कोणास साधलें नव्हतें. साहजिकच या जंतूकडे मोठ्या आशेनें पाहिलें गेलें व संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यास 'आय. सी. आर. सी. जंतु' असें नांव पडलें. पुढें बारकाईनें पारख झाली, तेव्हां तो मायकोबॅक्टेरियम एव्हियमच्या गोतांतला ठरला. खरा कुष्ठजंतु आजहि कृत्रिम माध्यमांत वाढत नाहीं. मौज अशी कीं, या परक्या जंतूपासूनच डॉ. एम. जी. देव यांनीं कुष्ठरोगाची लस सिद्ध केली, आणि दक्षिण भारतांतील मोठ्या चांचणीचा निकाल १९९८ सालीं लागला, तेव्हां तिनें सुमारें ६५ टक्के संरक्षण दिल्याचें दिसलें. ओळख चुकली, तरी श्रम वायां गेले नाहींत.

१९६६ सालीं ही संस्था व टाटा मेमोरियल रुग्णालय एका छत्राखालीं आलीं, आणि २००२ सालीं संशोधनाचा हा संसार परळच्या गजबजाटांतून खाडीपलीकडे, नवी मुंबईंत खारघरला हलला. 'ॲक्ट्रेक' हें त्याचें नवें नांव. येथेंच पुढें अमित दत्त यांची प्रयोगशाळा उभी राहिली. रेणवीय जीवशास्त्र हा त्यांचा विषय. बोस्टन येथें मॅथ्यू मेयरसन यांच्या हाताखालीं कर्करोगाच्या जनुकांवर काम करून ते आले होते. २०१७ सालीं त्यांना वैद्यकशास्त्राचें शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळालें. परंतु पारितोषिकापेक्षां त्यांच्या कामाची रीत अधिक ऐकण्यासारखी आहे.

पूर्वीं जंतु शोधावयाचा म्हणजे तो बशींत वाढवून दाखवावा लागे. नव्या रीतींत गांठीचा तुकडा घेऊन त्यांतील डीएनएचे वा आरएनएचे कोट्यवधि अंश यंत्रानें वाचतात, त्यांतून माणसाचे म्हणून ओळखूं येतील ते वजा करतात, आणि जें उरेल तें कोणाचें याचा शोध घेतात. धान्य पाखडून खडे वेगळे करावे तसेंच हें. मात्र येथें किंमत खड्यांची. या वजाबाकीनें २०११ सालीं बोस्टन व व्हँकूव्हर येथील दोन संघांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत फ्यूजोबॅक्टेरियम नांवाचा जंतु विपुल आढळला. याचें नेहमींचें बिऱ्हाड तोंडांत, दांतांच्या मुळांशीं. मग आंतड्याच्या गांठींत तो इतका कां? २०१३ सालीं असें दिसून आलें कीं, एका विशिष्ट प्रथिनाच्या साहाय्यानें तो आंतड्याच्या पेशींना चिकटतो व त्यांच्या वाढीस चेतना देतो. २०१७ सालीं बोस्टनच्या संघानें माणसाच्या अशा गांठी उंदरांत वाढवून मेट्रोनिडाझोल हें जुनेंच औषध दिलें, तेव्हां त्यांची वाढ मंदावली. हा पाहुणा निव्वळ पाहुणा नसावा, असें मानण्यास आतां जागा झाली.

खारघरच्या संघानें प्रथम पित्ताशयाच्या कर्करोगांत साल्मोनेला जंतूच्या डीएनएच्या खुणा दाखविल्या. त्याहून मोठें काम २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. स्तन, फुप्फुस, पित्ताशय, गर्भाशयमुख, मोठें आंतडें आणि डोकें-मान यांच्या गांठींतून मिळालेले डीएनएचे २३९ व आरएनएचे ११६८ संच त्यांनीं चाळले, आणि १०६० प्रकारच्या रोगजंतूंचा त्यांत माग काढला. डोकें-मानेच्या गांठींत फ्यूजोबॅक्टेरियम जवळजवळ आंतड्याइतकाच आढळला. आणि जेथें तो पुष्कळ, तेथें मानवी पॅपिलोमा विषाणु नव्हता. तंबाखू चघळण्याच्या संवयीमुळें ज्या देशांत तोंडाचा कर्करोग घरोघर ठाऊक आहे, तेथें ही गोष्ट किरकोळ नव्हे. जिभेच्या ज्या गांठींत हा जंतु अधिक, त्यांत दाह अधिक, मानेंतील ग्रंथींत रोगाचा प्रसार अधिक, आणि रोग्याचें आयुष्य कमी असें दिसलें.

श्रोत्यांच्या मनांत शंका येईल कीं, वजाबाकीच चुकली तर? ती चुकतेहि. २०२० सालीं 'नेचर' या नियतकालिकांत ३३ प्रकारच्या कर्करोगांत जंतूंच्या ठळक खुणा असल्याचा एक निबंध आला व त्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढें इतरांनीं तींच आंकडेमोड तपासली, तेव्हां जंतूंचे म्हणून मोजलेले बहुतेक अंश माणसाचेच निघाले. २०२४ सालीं तो निबंध मागें घेण्यांत आला. खारघरच्या संघानें मात्र केवळ यंत्राच्या वाचनावर भिस्त न ठेवतां जिभेच्या गांठींच्या नमुन्यांवर जंतु व दाहाच्या खुणा यांचा पुन्हां पडताळा घेतला होता, आणि आपल्या निबंधाच्या मथळ्यांतहि या जंतूचा दाहाशीं व अल्प आयुष्याशीं 'संबंध' आहे, एवढेंच म्हटलें.