गावाजवळचे महाविद्यालय: महाराष्ट्रातील परवडणाऱ्या उच्च शिक्षणाचा इतिहास

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली, तरी पुढील अर्धशतकाहून अधिक काळ मराठी मुलखात पदवीपर्यंतचे शिक्षण देणारी महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. मुंबईचे एल्फिन्स्टन, पुण्याचे डेक्कन आणि १८८५ मध्ये निघालेले फर्ग्युसन, कोल्हापूर संस्थानात १८८० मध्ये सुरू झालेले राजाराम, नागपूरचे हिस्लॉप व मॉरिस ही त्यांतील प्रमुख नावे होत. सांगलीला विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये, नाशिकला हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ मध्ये निघाले. वऱ्हाडात अमरावतीला महाविद्यालय येण्यासाठी १९२३ साल उजाडावे लागले, तर साताऱ्यासारखे जिल्ह्याचे ठिकाण १९४७ पर्यंत महाविद्यालयावाचूनच राहिले. मॅट्रिक झालेल्या खेड्यातील मुलापुढे त्यामुळे फीचा प्रश्न नंतर येई. परगावी राहायचे कोठे आणि दोन वेळचे जेवायचे काय, हा प्रश्न आधी उभा राही. फी सत्राला एकदा भरावी लागे, पोट मात्र रोज भरावे लागे. म्हणूनच महाराष्ट्रातील परवडणाऱ्या उच्च शिक्षणाचा इतिहास हा महाविद्यालयांच्या इतिहासाइतकाच वसतिगृहांचा, खानावळींचा आणि प्रवासाच्या सोयींचाही इतिहास ठरतो.

या प्रश्नावर जुन्या समाजाने काढलेला तोडगा म्हणजे माधुकरी आणि वार. माधुकरी म्हणजे ठरावीक घरी जाऊन शिजवलेले अन्न मागून आणणे. वार लावणे म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवून घेऊन प्रत्येक घरी त्या त्या वारी जेवावयास जाणे. पुण्यात शिकून पुढे नावारूपाला आलेल्या कित्येक गरीब विद्यार्थ्यांचे शिक्षण या प्रथेवर पार पडले आणि तिच्यामागील दातृत्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही प्रथा जातीच्या चौकटीत चाले: ब्राह्मण घराच्या पंक्तीला ब्राह्मण विद्यार्थीच बसू शके. शेतकरी, कारागीर आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांना शहरात वार मिळण्याची सोय नव्हती, त्यामुळे एकच अंतर एकाला ओलांडता येण्याजोगे आणि दुसऱ्याला अशक्य ठरे. शिवाय महाविद्यालय गावातच असले तरी ते परवडेलच असे नव्हते. भीमराव आंबेडकर मुंबईत राहूनच मॅट्रिक झाले होते आणि एल्फिन्स्टन महाविद्यालय त्याच शहरात होते. तरीही त्यांचे पदवीचे शिक्षण पूर्ण होण्यास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती कामी आली. महाविद्यालय जवळ असणे आणि ते परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

जेवण आणि निवारा यांचा प्रश्न संस्थेच्या पातळीवर सोडवण्याचा मोठा प्रयत्न कोल्हापुरात झाला. शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून दिले आणि त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या साहाय्याने उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मध्ये निघाले. या वसतिगृहांना महाराजांनी जागा, इमारती आणि कायमची उत्पन्ने तोडून दिली, त्यामुळे राजाराम महाविद्यालयाचे दार दूरच्या पेठांतील व खेड्यांतील मुलांना खऱ्या अर्थाने उघडले. प्रत्येक समाजाचे बोर्डिंग वेगळे, ही त्या व्यवस्थेची मर्यादा होती. मात्र ज्या काळी सहभोजनाच्या कल्पनेनेच घरे बिथरत, त्या काळी मुलांना शहरात आणून बसवण्याचा तोच व्यवहार्य मार्ग होता.

ती मर्यादा ओलांडण्याचे काम कोल्हापूरच्याच जैन बोर्डिंगात विद्यार्थी म्हणून राहिलेल्या भाऊराव पाटलांनी केले. त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. येथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकाच छपराखाली राहत, स्वयंपाक आळीपाळीने करीत आणि एकाच पंक्तीला जेवत. कोठीत धान्य नसे तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या जेवणाची सोय केली, ही गोष्ट संस्थेच्या इतिहासात आदराने नोंदवली गेली आहे. तिचे महत्त्व केवळ त्यागात नाही, तर अशा संस्थेच्या जमाखर्चात सर्वांत मोठी रक्कम कशाची असे, हे ती दाखवते. वर्गखोलीवाचून झाडाखाली शिकवता येई, परंतु भाकरीवाचून वसतिगृह चालत नसे.

या वसतिगृहातील अनुभवावरच १९४७ च्या जून महिन्यात साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. ते विनाशुल्क आणि निवासी असावे, अशी त्यामागची कल्पना होती आणि तिला ‘कमवा आणि शिका’ या योजनेचा आधार होता. या योजनेत विद्यार्थी दिवसातील काही तास शेतात, विहिरीच्या खोदाईवर, इमारतीच्या कामावर किंवा स्वयंपाकघरात श्रम करी आणि त्या श्रमाचा मोबदला त्याच्या राहण्याजेवण्याच्या खर्चात वळता होई. सकाळी कुदळ हातात घेतलेला मुलगा दुपारी तर्कशास्त्राच्या तासाला बसे. श्रमाची ज्यांना घरापासूनच सवय होती, अशा शेतकऱ्यांच्या मुलांना यात कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते, उलट शिकताना कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत, हा आत्मविश्वास त्यांना मिळे. तथापि केवळ विद्यार्थ्यांच्या श्रमावर महाविद्यालय चालत नाही, हेही लवकरच दिसून आले. भाऊरावांनी तत्कालीन मुंबई सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान काही काळ बंद झाले, तेव्हा संस्थेवर मोठे संकट ओढवले आणि लोकवर्गणीला सरकारी मदतीची जोड अपरिहार्य आहे, हे स्पष्ट झाले. संस्थेचे दुसरे महाविद्यालय १९५४ मध्ये कऱ्हाडला निघाले व त्यास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. महाविद्यालय जिल्ह्याच्या गावाकडून तालुक्याच्या गावाकडे सरकू लागल्याचे ते चिन्ह होते.

मराठवाड्याची स्थिती याहून बिकट होती. निजामाच्या राज्यातील उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये हैदराबादला स्थापन झाले, त्याचे शिक्षण उर्दू माध्यमातून चाले आणि औरंगाबादला इंटरमीजिएटपर्यंतचीच, म्हणजे पदवीच्या आधीच्या दोन वर्षांची सोय होती. मराठी घरातील मुलाला पदवीसाठी शेकडो मैल दूर आणि परक्या माध्यमात जावे लागे. ही कोंडी १९५० मध्ये फुटली. त्या वर्षी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले, आणि नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. याच सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत काढलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे, हा त्यामागील हेतू होता. औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या नागसेनवन या परिसरात वसतिगृहांवर भर होता. वेळापत्रक असो वा वसतिगृह, विद्यार्थ्याच्या दिनक्रमाप्रमाणे महाविद्यालयाने स्वतःला वळवून घ्यावे, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी समान होते.

द्वैभाषिक मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ मध्ये ई.बी.सी. सवलत लागू झाली. ई.बी.सी. म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग. पालकाचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असेल, तर जात न पाहता विद्यार्थ्याची फी माफ होई. तहसील कचेरीतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला प्रवेश-अर्जाला जोडणे, हा पुढील काळात ग्रामीण कुटुंबांच्या जून महिन्याचा भाग बनला तो या सवलतीमुळेच. याच सुमारास विद्यापीठेही जवळ आली: पुणे विद्यापीठ १९४९ पासून, मराठवाडा विद्यापीठ १९५८ पासून आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून. नव्या महाविद्यालयांना मान्यता मिळवणे त्यामुळे सोपे झाले. संगमनेर, बारामती यांसारख्या तालुक्याच्या गावी १९६० च्या दशकाच्या आरंभी महाविद्यालये निघाली, तर सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात सभासदांच्या उसाच्या बिलातून टनामागे ठरावीक कपात करून शिक्षणसंस्था उभारण्याची पद्धत रूढ झाली.

या विस्ताराला एका तिसऱ्या घटकाची मदत झाली आणि तिची नोंद शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच घेतली जाते. राज्य परिवहनाची पहिली गाडी १९४८ मध्ये पुणे–अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढील काही दशकांत एसटी बहुतेक गावांपर्यंत पोहोचली. विद्यार्थ्याला मासिक पासासाठी नेहमीच्या भाड्याच्या एक-तृतीयांश रक्कमच भरावी लागते, त्यामुळे वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या महाविद्यालयात रोज जाऊन येणे शक्य झाले व वसतिगृहाचा खर्च वाचला. जे विद्यार्थी शहरात खोली घेऊन राहत, त्यांचा डबा सकाळच्या गाडीने गावाहून येई. फडक्यात बांधलेल्या डब्यावर नावाची चिठ्ठी असे आणि दुपारी तो स्थानकावरून उचलायचा असे. महाविद्यालय घरापासून किती जवळ आहे, हे त्या पिढीने मैलांवरून नव्हे, तर पहिल्या गाडीच्या आणि मुक्कामी गाडीच्या वेळेवरून मोजले. मुलींच्या बाबतीत तर ही वेळच निर्णायक ठरे, कारण दिवेलागणीच्या आत घरी परतता येत असेल तरच बहुतेक घरांतून परवानगी मिळे.

अंतर, फी आणि अन्न हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी आटोक्यात येण्याचा हा काळ साधारण दोन दशके टिकला. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर, म्हणजे सरकारी मदतीशिवाय केवळ विद्यार्थ्यांच्या शुल्कावर, अभियांत्रिकीसारखी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. मराठी मुलांना या शिक्षणासाठी परराज्यात जावे लागू नये, हा त्यामागील विचार चुकीचा नव्हता आणि तालुक्यातालुक्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये दिसू लागली, हेही खरे. पण शुल्काबरोबर देणगीही मागितली जाऊ लागली आणि कॅपिटेशन फी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वसुलीवर बंदी घालण्यासाठी राज्याला १९८७ चा कायदा करावा लागला. ज्या पिढीला महाविद्यालय दूर होते तिला ते मिळाले नाही. नंतरच्या पिढीला ते वेशीवर दिसू लागले, परंतु त्याचे शुल्क जमीन विकल्याशिवाय भरता येईना.

शासनाने या विसंगतीवर उपाय केलेच नाहीत असे नाही. ई.बी.सी. सवलतीचा वारसा पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीकडे आला, तिच्याद्वारे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्काचा निम्मा भाग शासन उचलते, आणि २०२४ मध्ये वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे असे शुल्क पूर्णपणे माफ करण्याचा निर्णय झाला. मात्र अनुदानित ग्रामीण महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या अनेक जागा रिकाम्या राहतात, तेथे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन घेऊन, अध्यापक शिकवतात आणि त्यामुळे ऐपत असलेला विद्यार्थी जवळचे महाविद्यालय सोडून पुण्याची वाट धरतो. शाहू छत्रपतींनी निवारा दिला, भाऊरावांनी श्रमाच्या बदल्यात जेवण दिले, डॉ. आंबेडकरांनी वेळ जुळवून दिली आणि शासनाने फी सोडली. यांपैकी कोणताही एक उपाय एकटा पुरेसा ठरला नाही, हे या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासाचे सार आहे. फी माफ करणाऱ्या आजच्या धोरणाने वसतिगृहे, एसटीच्या फेऱ्या आणि प्राध्यापकांच्या भरतीकडे तितक्याच गांभीर्याने पाहिले नाही, तर ते धोरण कागदावर उदार आणि व्यवहारात अपुरेच राहील.