बारकोड वाचनाची परिभाषा

सिंहगड रस्त्यावरून धायरी फाट्याला आत वळले, की धायरी-नऱ्हे परिसरातील लहान-मोठे कारखाने दिसू लागतात. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योजकाला आज खोक्यावर बारकोडचे लेबल लावूनच माल धाडावा लागतो. ग्राहकाच्या दारात ते लेबल वाचले गेले नाही, तर आतला भाग कितीही निर्दोष असला तरी माल अडकतो आणि बिलही. तक्रार मात्र एवढीच येते : 'स्कॅन होत नाही'. या तीन शब्दांत अनेक निरनिराळे दोष दडलेले असतात व त्या प्रत्येकाला स्वतंत्र संज्ञा आहे.

पहिली संज्ञा सिम्बॉलॉजी, म्हणजे रेषांची संकेतपद्धती. कारखान्यांत रुळलेल्या 'कोड ३९' मध्ये प्रत्येक अक्षर नऊ घटकांचे असते व त्यांपैकी तीन रुंद असतात. नाव त्यावरूनच पडले. 'कोड १२८' तीच माहिती कमी जागेत बसवतो. आज चहाच्या टपरीवरही दिसणारा क्यूआर कोडदेखील मूळचा कारखान्यातलाच. जपानमधील डेन्सो या वाहनभाग बनविणाऱ्या उद्योगात मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९४ मध्ये विकसित केला. स्कॅनरमध्ये एखादी संकेतपद्धती बंद ठेवलेली असेल, तर उत्तम छपाईचे लेबलही त्याला दिसत नाही. अशा वेळी दोष लेबलाचा नसतो.

सर्वांत अरुंद रेषेच्या रुंदीला 'एक्स-मिती' म्हणतात. कोड ३९ किंवा कोड १२८ च्या दोन्ही टोकांना या मितीच्या किमान दहापट कोरी जागा सोडावी लागते; तिला 'क्वाएट झोन' असे नाव आहे. एक्स-मिती ०.३३ मिलिमीटर असेल, तर ही जागा सुमारे ३.३ मिलिमीटर हवी. लेबलावर कंपनीचे बोधचिन्ह मोठे करण्याच्या हौसेत नेमकी हीच जागा खाल्ली जाते. लाल प्रकाशाच्या स्कॅनरला पांढऱ्या कागदावरील लाल रेषा जवळजवळ दिसतच नाहीत, हेही छपाईला देण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

थर्मल प्रिंटरच्या हेडमधील एखादा बिंदू जळाला, की लेबल सरकते त्या दिशेने एक बारीक पांढरी रेघ उमटते. बारकोडच्या रेषा त्याच दिशेने छापलेल्या असतील ('पिकेट फेन्स' मांडणी), तर एखादी रेष अखंड लांबीभर बिघडते. त्या आडव्या छापल्या असतील ('लॅडर' मांडणी), तर पांढरी रेघ सर्व रेषांना एकाच ठिकाणी छेदते व स्कॅनर बाजूच्या भागावरून वाचन करू शकतो. हेड बदलेपर्यंत शिडीची मांडणी पुष्कळदा वेळ निभावून नेते.

'नो-रीड' म्हणजे वाचन न होणे आणि 'मिसरीड' म्हणजे चुकीचे वाचन. नो-रीडने काम थांबते, मिसरीडने भलताच माल भलत्या ठिकाणी जातो. आमच्या मते दुसरे अधिक घातक. त्यावरील उपाय म्हणजे तपास-अंक. ईएएन-१३ मध्ये ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घेतले, तर विषम स्थानांची बेरीज २८ आणि सम स्थानांची ३४. सम बेरजेची तिप्पट १०२, एकूण १३०. ही संख्या दहाच्या पटीत असल्याने तेरावा अंक ० येतो. यातला कोणताही एक अंक चुकीचा वाचला गेला, तर हिशेब जुळत नाही. सुरुवातीचे ८९० हे जीएस१ इंडियाकडून मिळालेल्या क्रमांकाचे चिन्ह आहे. माल भारतातच बनला असा त्याचा अर्थ नव्हे.

'आमच्या स्कॅनरवर तर वाचला जातो' हा बचाव फारसा टिकत नाही. स्कॅनर फक्त वाचतो. 'व्हेरिफायर' हे वेगळे उपकरण छपाईचा दर्जा मोजते. रेषीय बारकोडसाठी आयएसओ/आयईसी १५४१६ आणि द्विमितीय कोडसाठी १५४१५ ही मानके आहेत. व्यवहारात हा दर्जा ए, बी, सी, डी व एफ या श्रेणींत सांगतात. मागणीपत्रात कोणती श्रेणी मागितली आहे, हे माल भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

लेबलाऐवजी थेट धातूवर लेझरने किंवा टोच्याने डेटा मॅट्रिक्स कोरण्याला 'डायरेक्ट पार्ट मार्किंग' म्हणतात. येथे काळे-पांढरे असा भेद नसतो, खळग्यांच्या सावल्या वाचाव्या लागतात. म्हणून प्रकाश तिरका टाकतात आणि भागावरील तेल आधी पुसून घेतात.