मोहीम टिकली, की आरोग्य टिकले?

एखादी आरोग्य योजना ‘टिकली’ असे केव्हा म्हणावे? कचेरी उघडी आहे, कर्मचारी नेमलेले आहेत, एवढे पुरे का? हिवतापाचा आपल्याकडील इतिहास या प्रश्नाचे चांगले उत्तर देतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख दगावत. रक्त पिऊन जड झालेली अनॉफिलिस डासाची मादी घराच्या भिंतीवर विसावते. भिंतीवर डीडीटी असेल तर ती मरते. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार-धारवाड भागात हा उपाय करून पाहिला होता. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ पर्यंत रुग्ण सुमारे एक लाखावर आले.

रोग गेलाच, असे वाटू लागले. फवारणी थांबल्यावर तापाचे रुग्ण शोधून रक्त तपासत राहण्याचे काम नेहमीच्या आरोग्यसेवेने करायचे होते. पण अनेक ठिकाणी ती पुरेशी उभीच नव्हती. डीडीटी वेळेवर मिळेना, डासही त्याला दाद देईनात. १९७६ साली रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. कार्यक्रम चालूच होता. त्याचा लाभ मात्र टिकला नव्हता. १९७७ पासून ‘नियंत्रण’ हेच ध्येय पुन्हा स्वीकारावे लागले.

१९९८ साली शेडियाक-रिझकल्ला व बोन या अभ्यासकांनी टिकण्याच्या तीन कसोट्या मांडल्या: आरोग्याचा लाभ टिकणे, कार्यक्रमाचे काम चालू राहणे आणि लोकांची स्वतःची क्षमता वाढणे. पुढच्या अभ्यासकांनी आणखी एक जोडली: परिस्थितीप्रमाणे बदलणे.

ही चौथी कसोटी शहरात नीट समजते. मुंबईत बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने घरोघरच्या विहिरींतील स्टीफेन्सी डासाकडे बोट दाखवले होते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहू लागली. तेथे प्रश्न जुन्या विहिरींपुरता राहिला नाही. बांधकामावरच्या व गच्चीवरच्या उघड्या टाक्यांतील स्वच्छ पाणीही याच डासाला मानवते. झाकण विहिरीवर घालून भागत नाही, ते टाकीवर आले पाहिजे.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायची. शाळेच्या टाकीचे झाकण दर शनिवारी मुलांच्या देखत तपासले जाते का? मोहीम संपल्यावरही ते तपासले गेले, तर ती टिकली.