सेंट पीटर्सबर्गची एक वादसभा

रशियांत एकोणिसाव्या शतकांत ‘मागिस्त्र’ नांवाची एक पदवी होती. नांवावरून ती आपल्या एम्. ए. सारखी वाटेल, पण तिचा मान बराच मोठा होता. विद्यापीठाचा साधा अभ्यासक्रम संपवून ज्याला प्राध्यापकाच्या आसनाची आशा असे, तो या वाटेला लागे. वर्गांत बसणें नसे. विषयांच्या परीक्षा द्यावयाच्या, प्रबंध लिहून तो छापावयाचा आणि मग भरसभेंत त्याचें समर्थन करावयाचें. विद्यापीठानें नेमलेले प्रतिपक्षी आक्षेप घेतच. शिवाय श्रोत्यांपैकीं कोणालाही उठून बोलण्याची मुभा असे. आपल्याकडील पंडितांच्या वादसभेची आठवण व्हावी असा हा प्रकार! इतकें पार पडलें तरी शेवटची सही शिक्षणमंत्र्याची. त्या सहीचीच ही कथा आहे.

निकोलाय गाव्रिलोविच चेर्निशेव्स्की याचा जन्म 1828 सालीं व्होल्गाकांठच्या सारातोव्ह येथें झाला. वडील धर्मोपदेशक, मुलाचें शिक्षणही आधीं धर्मपाठशाळेंतच. 1846 सालीं तो सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठांत दाखल झाला, चार वर्षांनीं बाहेर पडला, आणि गांवच्या सरकारी विद्यालयांत वाङ्मयाचा शिक्षक झाला. 1853 सालीं विवाह करून तो राजधानीस परतला तो रशियन वाङ्मयांतील ‘मागिस्त्र’ होण्याच्या निश्चयानेंच. पोटासाठीं मासिकांतून लिहावयाचें व उरल्या वेळांत परीक्षांची तयारी, असा त्याचा क्रम होता.

सोपी वाट त्याला मोकळी होती. स्लाव्ह भाषांचे पंडित स्रेझ्नेव्स्की यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यानें ‘इपात्येव्ह’ या प्राचीन रशियन बखरीचा शब्दकोश केला होता; तो 1853 सालीं प्रसिद्धही झाला. अशाच कामांतून प्रबंध काढला असता तर कोणाचें काय बिघडणार होतें? जुन्या क्रियापदांच्या रूपांनीं कोणत्याही सम्राटाची झोंप उडत नाहीं. पण त्यानें विषय घेतला तो निराळा: कला आणि वास्तव यांचा सौंदर्यदृष्टीनें संबंध.

काळ मोठा बिकट होता. 1848 च्या युरोपांतील क्रांत्यांनीं बिथरलेल्या झार पहिल्या निकोलसनें 1849 सालीं प्रत्येक विद्यापीठांत स्वखर्चानें शिकणाऱ्यांची संख्या 300 वर आणून ठेवली होती. 1850 सालीं तत्त्वज्ञानाचें अध्यापन बंद झालें; तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र धर्माधिकाऱ्यांच्या हातीं गेलें. हेगेलचें नांव उच्चारणें कठीण, आणि ज्या फॉयरबाखच्या विचारांवर हा प्रबंध उभा होता त्याचें तर अशक्यच. पुढें 1888 सालीं चेर्निशेव्स्कीनें नव्या आवृत्तीसाठीं प्रस्तावना लिहून ही अडचण उघड सांगितली. पण ती प्रस्तावनाही त्याच्या हयातींत छापूं दिली नाहीं.

प्रबंधाचा आशय असा. सौंदर्य वास्तव जीवनांतच आहे. कल्पनेनें त्यावर चढविलेल्या पूर्णतेंत नाहीं. श्रमानें वाढलेल्या शेतकऱ्याला निरोगी, लालबुंद, बळकट बांध्याची तरुणी सुंदर वाटते. तर रिकामपणांत वाढलेल्या उमरावांना फिकट चेहरा आणि नाजूक हात आवडतात. म्हणजे जसें ज्याचें जिणें, तशी त्याची सौंदर्याची कल्पना. सागराचें चित्र सागराहून श्रेष्ठ नसतें. समुद्रापासून दूर राहणाऱ्याला तें त्याची आठवण देतें, इतकेंच. ‘कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला’ हा फडके-खांडेकरांचा वाद ज्यांनीं वाचला आहे, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. चेर्निशेव्स्कीनें तो फार ताणला, चित्राला केवळ सृष्टीची बदली ठरविलें, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु भूदासांच्या त्या देशांत शेतकऱ्याच्या आवडीनिवडीला सौंदर्यशास्त्राच्या प्रबंधांत उमरावांच्या बरोबरीनें आसन मिळालें, ही गोष्ट लहान नव्हे.

योगायोग असा कीं, ज्यांच्या हातीं हा प्रबंध होता ते प्राध्यापक निकितेंको स्वतः जन्मानें भूदास, कौंट शेरेमेत्येव्ह यांच्या मालकीचे होते. पुढें ते मुक्त झाले, प्राध्यापक झाले, आणि छापण्यापूर्वीं ग्रंथ तपासणारे सरकारी तपासनीसही झाले! लेखन 1853 सालींच झालें असतां वादसभेला 1855 उजाडलें. मध्यंतरीं फेब्रुवारींत झार निकोलस वारला.

जुन्या रशियन पंचांगाप्रमाणें 10 मे 1855 रोजीं सभा भरली. खोली लहान, आणि गर्दी अशी कीं श्रोते खिडक्यांतही बसले होते, असें तेथें हजर असलेल्या शेल्गुनोव्ह यांनीं लिहून ठेवलें आहे. उमेदवारानें आपलें म्हणणें शांतपणें पण ठाम मांडलें. विद्यापीठाचे प्रमुख प्लेत्न्योव्ह, म्हणजे पुश्किनचे स्नेही. आपण वर्गांत शिकविलें तें हें नव्हे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं काढले. तें खरेंच होतें. तुर्गेन्येव्हला हें छापील पुस्तक मुळींच रुचलें नाहीं.

शिक्षणमंत्री नोरोव्ह यांनीं मात्र वाद घातला नाहीं, खंडन केलें नाहीं. मान्यताच दिली नाहीं. पदवीविना विद्यापीठाचें आसन दुरावलें, आणि होऊं घातलेला प्राध्यापक ‘सोव्रेमेन्निक’ मासिकाचा अग्रगण्य लेखक बनला. व्याख्यानांना शेंदीडशें विद्यार्थी आले असते. मासिक देशभर जाई. मंत्र्यानें स्वतःच्या पक्षाची सेवा केली कीं हानि, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

1858 सालीं नवे मंत्री कोवालेव्स्की यांच्या कारकीर्दींत पदवी मंजूर झाली. तेव्हां चेर्निशेव्स्कीला तिची गरज उरली नव्हती. 1862 सालीं त्याला अटक झाली. किल्ल्यांतील कोठडींत लिहिलेली त्याची कादंबरी 1863 सालीं त्याच मासिकांत आली. 1864 सालीं सात वर्षांची सक्तमजुरी आणि त्यापुढें सायबेरियांत कायमची वस्ती अशी शिक्षा त्याला सुनावली गेली. प्रबंधाची दुसरी आवृत्ति 1865 सालीं पीटर्सबर्गांत निघाली. तिच्यावर ग्रंथकाराचें नांव नव्हतें.