चूल, सवणे आणि धुराडे

घरातील धुराच्या वाटेला मराठीत शब्द पुष्कळ आहेत. पण ते एका घरचे नव्हेत. मातीच्या धाब्याला जे भोक ठेवीत त्यास सवणे म्हणत. भिंतीतून किंवा छपरातून मुद्दाम काढलेली धुराची वाट ती धुराडे. इंग्रजीतून आलेली चिमणी तर आपल्याकडे येताच पाखरू होऊन बसली. पुढे तिने गिरणीच्या उंच मनोऱ्यावर घरटे केले आणि काचेवाचून जळणाऱ्या रॉकेलच्या दिवटीलाही आपले नाव दिले. स्वयंपाकघरातील चुलीवर मात्र ती फार उशिरा येऊन बसली, आणि बसली ती फारशी टिकली नाही. असे का झाले हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण ज्या बायकांचे डोळे या धुराने गेले त्यांची बखर कोणी लिहिलेली नाही.

धुरासाठी स्वतंत्र वाट ही कल्पना परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूंच्या जंताघराचे, म्हणजे अग्नी पेटवून घाम काढण्याच्या स्नानगृहाचे, नियम दिले आहेत. लहान जंताघरात अग्नी एका बाजूस असावा, मोठ्यात मध्यभागी असावा, आणि धूर जाण्यासाठी ‘धूमनेत्त’ ठेवावे, अशी तेथे अनुज्ञा आहे. दोन सहस्र वर्षांहून जुनी ही सोय मठातील स्नानगृहाला मिळाली. गृहस्थाच्या चुलीला ती का मिळू नये, हा प्रश्न कोणास पडलेला दिसत नाही.

याचे एक कारण घराच्या बांधणीतच आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, पैनगंगेच्या अलीकडे, झरी जामणी तालुका आहे. येथील कोलामांच्या वस्त्यांना पोड म्हणतात. बांबूच्या तट्ट्याचा कूड, त्यावर मातीचा लेप आणि माथ्यावर गवत किंवा कवेलू, अशी पोडावरील घराची जुनी रीत. अशा घराला धुराडे नसते, कारण सारे छप्परच धुराडे असते. धूर कवेलूंच्या सांदीसांदीतून झिरपत बाहेर पडतो, आणि जाताजाता बांबूला व आढ्याला कीड लागू देत नाही. चुलीवर टांगलेले बियाण्याचे कणीस याच धुराने वर्षभर सुरक्षित राहते. ही सोय खरी आहे, आणि खेडुतांच्या अडाणीपणाची थट्टा करणाऱ्यांनी ती ध्यानात घ्यावी. पण छप्पर गाठेपर्यंत धूर कोठे असतो, हेही त्यांनी पाहावे. तो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या तोंडावर असतो. त्यातून हा कापसाचा मुलूख; वेचणी संपली की शेतातील पऱ्हाट्या उपटून घरी येतात आणि त्याच सरपण होतात. पऱ्हाटी भरभर जळते, तिला सतत सारावे लागते, आणि किंचित ओल असली की ती जाळापेक्षा धूरच अधिक देते. फुंकणी हातातून खाली ठेवण्याची सोय नाही.

छप्पराच्या या गुणांचे कौतुक इंग्रजांनीही केलेले आहे. १५७७ साली विल्यम हॅरिसन याने आपल्या देशाचे वर्णन लिहिले, त्यात गावातील वृद्ध लोक नव्याने झालेल्या धुराड्यांच्या सुळसुळाटाकडे आश्चर्याने पाहत, असे तो सांगतो. पूर्वी धुराने घराचे लाकूड कठीण होई व घरधन्याची प्रकृतीही ठीक राहे, अशी समजूत होती, हेही तो नमूद करतो. लाभाचा हिशेब मांडताना घरधनी आठवला, चुलीपुढची बाई आठवली नाही. या बाबतीत त्यांच्यात व आमच्यात फारसे अंतर नाही. पण धुराडे आले की ते झाडावेही लागते, हे त्या देशाला लवकरच कळले आणि झाडण्याचा एक धंदाच उभा राहिला. तो क्रूर होता. अरुंद नळीत लहान पोरांना चढवीत. त्यांपैकी कित्येकांना मोठेपणी काजळीमुळे कर्करोग होतो हे पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ साली दाखविले, आणि तरीही ही चाल बंद पाडणारा परिणामकारक कायदा होण्यास १८७५ साल उजाडले.

आपल्याकडे धुराड्याचा विचार सुरू झाला तो यवतमाळच्या शेजारीच, वर्ध्यास. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे मगनवाडीत होते आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चालक होते. मगनलाल गांधींच्या नावाने वाडी, आणि वाडीच्या नावाने चूल. ही ‘मगन चूल’ १९४७ च्या सुमारास पुढे आली. मातीचीच, पण तोंड मिटलेली. एका जाळावर ओळीने भांडी बसतील अशी, आणि शेवटी धूर ओढून नेणारी नळी. आपल्या बायकांना चुलीशेजारचा वैल ठाऊक होताच. त्याच युक्तीला येथे शास्त्राची जोड मिळाली. पुढे हैदराबादेत एस. पी. राजू यांनी याच दिशेने काम केले. सरकारने मात्र हा विषय पुरता हाती घेतला तो १९८० नंतर. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ पर्यंत चालला आणि साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसविल्याची नोंद झाली. आकडा डोळे दिपविणारा खरा. परंतु चूल बसविणे आणि चूल चालू असणे या दोन निराळ्या गोष्टी होत.

नळी दिली, तिचे आयुष्य कोणी सांभाळावयाचे ते सांगितले नाही, असे आमचे मत आहे. ओरिसात सुमारे २६०० कुटुंबांत अशाच नळीच्या चुली देऊन रेमा हॅना, एस्तेर दुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांनी कित्येक वर्षे पाहणी केली. तिचा निष्कर्ष २०१६ साली छापून आला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातील धूर कमी झाला, पुढे तो लाभ उरला नाही. कारण चुलींची डागडुजी झाली नाही आणि त्यांचा वापरही घटला. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली चूल घरात हरली ती अशा रीतीने.

ही डागडुजी म्हणजे काही मोठे शास्त्र नव्हे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि आपल्यामागे चुलीतील धूर ओढते, एवढेच धुराड्याचे मर्म. नळी उंच असेल तितकी ओढ अधिक. म्हणून तिचे तोंड आढ्याच्या वर गेले पाहिजे, नाहीतर छपरावरून उलटणारा वारा धूर परत घरात लोटतो. सांध्याला चीर पडली की थंड हवा आत शिरते व ओढ मरते; शेणमातीने ती चीर वेळीच बुजविली पाहिजे. आत काजळी दाटली की वाट अरुंद होते, आणि ओल्या पऱ्हाटीची काजळी चिकट असल्यामुळे ती लवकर दाटते. साचलेली काजळी पेटून छपराला आग लागण्याचेही भय असते. चूल गार असता बांबूच्या टोकाला काथ्या किंवा गोणपाटाची चिंधी बांधून वरून खाली नळी झाडावी व पडलेली काजळी खालून काढून घ्यावी. नळी छपरातून जाते तेथे गवत किंवा लाकूड तिला चिकटू देऊ नये. कित्येक ठिकाणी ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या नळ्या बसविल्या होत्या. त्या कोरड्या खरवडू किंवा फोडू नयेत, कारण तिची धूळ फुप्फुसास घातक असते.

हे काम वर्षातून तीन-चार वेळा, तासाभराचे. पण ते छपरावरचे काम आहे आणि छपरावर चढणे हे पुरुषाचे काम मानले जाते. चूल ही मात्र बाईची. नळी जेथे कवेलू फोडून बाहेर पडते, त्याच सांध्यावर या दोन हद्दी भिडतात, आणि तेथेच ती बेवारशी होते. धूर कोंडू लागला की बाई नळी काढून टाकते व जुन्या तीन दगडांकडे वळते. तिचा हट्ट म्हणून याची नोंद झाली. आम्हांस त्यात हट्ट दिसत नाही.

आता काळ पालटला आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली व गॅस पोडांपर्यंत पोचला. टाकी पुन्हा भरण्यास पैसे नसले की पऱ्हाटी आहेच. दुसरीकडे कवेलूंच्या जागी टिना आल्या, कोठे सिमेंटची पडदी आली. या छपरांना सांदी नाहीत. जे धुराडे घराच्या अंगभूत होते ते नाहीसे झाले आणि खाली चूल तशीच राहिली. पूर्वी आढ्यापर्यंत चढणारा धूर आता सहा-सात हातांवर अडून खाली फिरतो. अशा घरात नळी ही चैन नव्हे. पऱ्हाटी घरात येते ती फाल्गुनात आणि कवेलू फेरतात ते पावसापूर्वी, वैशाख-ज्येष्ठात. कवेलू फेरावयास माणूस वर चढलाच आहे तर त्याच्या हाती काथ्या बांधलेला बांबूही द्यावा.