जेऊरचे ग्रहण आणि तुमचा रिपोर्ट

लघवीतल्या धातूंच्या तपासणीचा रिपोर्ट हातात घेऊन रुग्ण विचारतात, "डॉक्टर, एवढंसं शिसं किंवा आर्सेनिक मशीनला कसं कळतं?"

याच्या उत्तरासाठी वडगाव निंबाळकरहून इंदापूर ओलांडून भीमेपलीकडे जाऊ, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला. २२ जानेवारी १८९८ रोजी तिथे खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला आपली उपकरणे घेऊन तिथे गेले होते. त्याच दिवशी इंग्लंडचे नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर होते. त्यांनी हेलियम तिथेच शोधला असे सांगतात, पण सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी १८६८ साली इंग्लंडमधूनच पाहिली होती. पृथ्वीवर हा वायू सापडला १८९५ मध्ये.

चंद्राने सूर्य झाकला, की कडेचा तप्त वायू क्षणभर एकटाच चमकतो. त्याचा प्रकाश लोलकातून नेला, तर सुट्या रंगीत रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, हे जर्मनीत बुन्सेन आणि किरचॉफ यांनी १८६० च्या सुमारास दाखवले. गॅसवर मिठाचे पाणी उतू गेले की ज्योत पिवळी होते, तो सोडियमचा रंग.

आजच्या काही 'आयसीपी' यंत्रांत हेच घडते. आरगॉन वायू विजेच्या जोरावर हजारो अंशांपर्यंत तापवून त्याचा प्लाझ्मा करतात आणि त्यात नमुन्याचा बारीक फवारा सोडतात. कोणती रेषा दिसली यावरून मूलद्रव्य ओळखतात, ती किती प्रखर आहे यावरून प्रमाण.

पण या यंत्राला मूलद्रव्य कोणत्या रूपात आहे ते कळत नाही. समुद्री मासे खाल्ले की लघवीतले एकूण आर्सेनिक वाढते. माशांतले हे आर्सेनिक मुख्यतः निरुपद्रवी असते, दूषित पाण्यातले मात्र विषारी. रिपोर्टवर आकडा तेवढाच दिसतो.

म्हणून तपासणीआधी मासे किती दिवस टाळायचे ते विचारा, लॅबने दिलेलीच बाटली वापरा. आकडा जास्त आला, तर आर्सेनिकच्या प्रकारांची वेगळी तपासणी होईपर्यंत 'विष उतरवणारी' औषधे स्वतःहून सुरू करू नका. त्यांचे दुष्परिणाम खरे असतात.