सौंसरचा दगड, सागरचे विद्यापीठ

संत्री, कापूस आणि जांब नदीवरची गोटमार, एवढीच पांढुर्णा-सौंसरची ओळख बाहेर सांगितली जाते. पण भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत सौंसरचे नाव कित्येक दशके छापले जात आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मँगनीज पोटात बाळगणाऱ्या अतिप्राचीन रूपांतरित खडकांच्या एका मोठ्या समूहाला शास्त्रज्ञ 'सौंसर समूह' म्हणतात.

हे ज्ञान खोलीत बसून जन्मले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लुई फर्मोर हा भूवैज्ञानिक हातोडा घेऊन मध्यप्रांताच्या खाणी हिंडला. मँगनीजवरचा त्याचा प्रचंड ग्रंथ १९०९ साली निघाला. एका खडकाला त्याने गोंडांवरून 'गोंडाइट' नाव दिले, तर सौंसरकडील सीतापार गावावरून एका खनिजाला 'सीतापाराइट'. हे खनिज निराळे नाही, असे पुढे ठरले आणि ते नाव मागे पडले. पण गोंडाइट टिकला.

त्यानंतर आले डब्ल्यू. डी. वेस्ट. नागपूर जिल्ह्यातील देवलापारच्या परिसरात पायी फिरून, खडकांचे थर एकमेकांवर सरकून कसे बसले, हे त्यांनी १९३६ साली मांडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालकपद भूषवून १९५१ साली ते निवृत्त झाले आणि पुढे सागर विद्यापीठात शिकवू लागले. विभागाचे नावच 'उपयोजित भूगर्भशास्त्र'. ज्याने आयुष्यभर दगड फोडले, तो माणूस विद्यार्थ्यांना मिळाला. १९९४ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, वेस्ट सागरलाच राहिले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी सीमा आखली गेली. नागपूर त्या बाजूला, आपण या बाजूला. छिंदवाड्याची महाविद्यालये अनेक वर्षे सागरशी जोडलेली होती. खडकाला मात्र सीमा कळत नाही. सौंसर समूहातील थरांची नावे पाहा: मनसर, चोरबाहुली, लोहांगी, बिचुआ. दोन्ही राज्यांतली गावे एकाच पंगतीला बसली आहेत!

आज परिस्थिती अनुकूल आहे. मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून पदवीच्या अभ्यासक्रमात प्रकल्प, प्रशिक्षण वा प्रत्यक्ष कार्य आले. छिंदवाड्याला २०१९ साली स्वतंत्र विद्यापीठ मिळाले; राजा शंकर शाहांचे नाव ते आज धारण करते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. उणीव आहे ती दृष्टीची. प्रमाणपत्रापुरती कुठल्याशा दुकानाची सही आणणे सोपे. नकाशा घेऊन चार दिवस उन्हात फिरणे कठीण. पण पांढुर्ण्याचा काळा लाव्हाचा दगड आणि सौंसरचा जुना अभ्रकी दगड यांतला फरक ज्याने भिंगातून स्वतः पाहिला, त्याला विहिरीला पाणी कुठे लागेल आणि कोणत्या जमिनीत संत्रा तग धरेल, हेही उमगू लागते.

आणि खडक दाखवणारा म्हातारा शेतकरी मराठीत बोलतो. हिंदीत शिकणाऱ्या आपल्या मुलांना त्याचे बोलणे समजते. हे भांडवल दूरच्या विद्यार्थ्यांपाशी नाही. परक्या माणसाने येऊन आपल्या गावाचे नाव ग्रंथात नेले. आता तो ग्रंथ गावात आणून दगडाशी ताडून पाहणे, हे आपल्या मुलांचे काम आहे.